नाताळच्या मेडलेमधले सांधे: एआय कुठे चालतं, कुठे नाही?

कीबोर्ड_जालना (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या तरुण संघाने यंदा नाताळसाठी पाच गीतांची सलग मेडले रेकॉर्ड करायला घेतलीय. दोन जुनी भजनं पेटी-तबल्यावरची, दोन संथ आराधनेची गीतं आणि शेवटी टाळ्या-ड्रम्सचं, पक्क्या गॉस्पेल ढंगाचं एक. गाणी बसलीत, आवाज चांगले आहेत. घोडं अडलंय ते दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. तिथं जे वाजतं ते ऐकून लगेच कळतं की दोन वेगळी रेकॉर्डिंग एकापुढे एक चिकटवलीत.

एआय मी मोकळ्या मनाने वापरतोय. मजकूर लिहिला की आवाज बनवून देणाऱ्या टूलमधून रायझर (हळूहळू चढत जाणारा आवाज), उलटी झांज, ऑर्गनचा फुगत जाणारा सूर असं बरंच काढलंय. संघातल्या एका भावाने तर 'गॉस्पेल ट्रान्झिशन, मोठा क्वायर, पॉवरफुल' एवढंच लिहून अख्खा तुकडा बनवून आणला. ऐकायला भारी आहे. पण आमच्या दुसऱ्या भजनाच्या तोंडाशी ठेवला की ते भजनच किरकोळ वाटायला लागतं. पेटी सुरू होते आणि असं वाटतं की लाइट गेली.

माहिती अशी: पहिलं भजन पांढरी दोन (म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा), दादरा (सहा मात्रा), मात्रा मिनिटाला १८०. दुसरं भजन केरव्यात (आठ मात्रा), सध्या काळी दोन धरलीय. शेवटचं गीत काळी दोनमधून सुरू होतं आणि अखेरीस अर्धा स्वर वर चढतं.

माझं म्हणणं मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. सांधा कोणत्या सुरावर, कोणत्या मात्रेला आणि कशासाठी हे वाजवणाऱ्याने आधी ठरवावं. एआयकडे त्यात भरायचा रंग तेवढा मागावा. आधी तुकडा मागवला की मग गाणं त्या तुकड्याच्या तालावर नाचवावं लागतं.

डग्गा_परभणी

दादा, रायझरच्या मागं कामून लागायलात? आधी तबल्याचं बघा.

पांढरी दोनहून काळी दोनला जायचं म्हणता. तबला पांढरी दोनच्या सा ला लावलेला. पट्टी अर्धा स्वर वर गेली की तोच सूर नव्या पट्टीत शुद्ध नी होतो. म्हणजे केरव्यात दर 'ना' ला नी टणकन वाजणार आणि गाणारे सा वर. वरून कितीबी झांजा ओता, ते खुपणारच. गॉस्पेलवाल्यांना अर्धा स्वर चढणं सोपं जातं कारण त्यांच्या ड्रमला आपल्या तबल्यासारखा सा लावलेला नसतो.

माझं ऐकाल तर मध्यमाला सा करा. पांढरी दोनचा मध्यम म्हणजे पांढरी पाच. जुना सा नव्या पट्टीचा पंचम होतो, तबला जागेवर, तानपुरा जागेवर. पेटीवाल्याने पहिल्या भजनाच्या शेवटच्या ओळीला सा च्या कॉर्डमध्ये कोमल नी मिसळायचा, म्हणजे पांढरी एक दाबायची. बास, एका सुरात दार उघडतं. गाणाऱ्याचा कान आपोआप पांढरी पाचकडं ओढला जातो.

आता तुम्ही म्हणाल पट्टी एवढी वर गेल्यावर गाणार कोण. तर दुसऱ्या भजनाची चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरते का तेवढं सांगा. पहिलं सा ते तार सा असंल तर दोन्हींची धाव पांढरी दोन ते वरची पांढरी दोन, एकच होते. कुणाला घसा ताणावा लागणार नाही.

आणि लय. मात्रा तीच राहू द्या. दादऱ्याच्या दोन आवर्तनांत तिहाई (एकच बोल तीनदा) बसवतो: तीन मात्रांचा बोल, दोन मात्रा सोडायच्या, परत बोल, दोन सोडायच्या, परत बोल. बारा मात्रा भरतात आणि शेवटचा 'धा' तेराव्या मात्रेला, म्हणजे थेट केरव्याच्या समेवर, पहिल्या मात्रेवर. अख्खी मंडळी समेवर एकदम येती का नाही बघा.

कीबोर्ड_जालना

दादा, दुसरं भजन मंद्र पंचम ते पंचम एवढंच फिरतं. आत्ताच पेटीवर वाजवून बघितलं. कोमल नी लावल्यावर आईनेच आतल्या खोलीतून दुसरं भजन उचललं, तिला काही सांगितलंही नव्हतं. पट्टी पांढरी पाच, ठरलं.

साउंडवाला_उदगीर

डग्गा दादांची तिहाई हिशेबाला फार सोयीची आहे. मिनिटाला १८० मात्रा, म्हणजे एक मात्रा सेकंदाचा तिसरा हिस्सा आणि बारा मात्रा म्हणजे बरोबर ४ सेकंद. तुमच्या सांध्याची लांबी ४ सेकंद. एआयकडून जे मागायचं ते या ४ सेकंदांच्या मापाचं.

सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो बदलू नका. बहुतेक ठिकाणी टेम्पो क्वार्टर नोटवर मोजतात, तो दोन्ही भजनांना ९० च येतो. समेच्या जागी ६/८ (दादरा) चं ४/४ (केरवा) करा, एवढंच. टेम्पो ओळखणाऱ्या ऑटोमॅटिक टूलवर मात्र विसंबू नका. केरव्याची लय ते कधी निम्मी धरतं, कधी दुप्पट, आणि भजनात माणसं शेवटाकडे थोडी पळतात तेही त्याला कळत नाही. जुनं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर समा हाताने मार्क करा.

आता आवाज बनवणाऱ्या मॉडेलबद्दल. स्टेबल ऑडिओ ओपन २०२४ साली आलं. ते ४४.१ किलोहर्ट्‌झला स्टिरिओ देतं, एका वेळी ४७ सेकंदांपर्यंत. अख्ख्या गाण्यापेक्षा साउंड इफेक्ट, छोटे तुकडे, झांज-रायझर यांत ते जास्त कामाचं. मेटाचं म्युझिकजेन २०२३ चं, ते ३२ किलोहर्ट्‌झचं आहे. ३२ म्हटल्यावर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १६ किलोहर्ट्‌झच्या वरचं त्यात काही असूच शकत नाही. ऑर्गनच्या मंद सुराला ते चालून जातं, पण झांजेची वरची चमक तिथेच असते. तुमच्या खऱ्या टाळांशेजारी ती झांज ठेवली की मळकी वाटणार.

मागताना 'गॉस्पेल ट्रान्झिशन' असं लिहू नका. असं लिहिलं की मॉडेल अख्खं दृश्य उभं करतं: क्वायर, ड्रम, पियानो, सगळं एकदम. तुम्हाला सगळं नकोय. 'एकटी झांज, हळूहळू फुगणारी, दुसरं वाद्य नाही' एवढंच मागा. मोठा तुकडा आला तरी चालेल. त्यातला सगळ्यात जोराचा क्षण शोधा, तो समेवर ठेवा आणि मागे ४ सेकंद मोजून कापा. लोक सुरुवात जुळवतात आणि शेवट कुठेही जाऊ देतात, म्हणून रायझर सम चुकवतो.

अजून एक. पेटीचा सूर आधी ट्यूनरवर बघा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला क्वचितच असतात. पेटी जितके सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा हिस्सा) वर किंवा खाली असेल तितकी एआयची प्रत्येक सुरेल फाइल हलवा. पेटी हलणार नाही, फाइल हलते.

अल्टो_संभाजीनगर

शेवटच्या गाण्याच्या अर्ध्या स्वराबद्दल बोलते, कारण तिथे आम्हा गाणाऱ्यांचे हाल होतात. कीबोर्डवाले ट्रान्सपोजचं बटण दाबतात आणि आम्ही हवेत.

काळी दोनमधून पांढरी तीनमध्ये जायचंय ना? मधे पांढरी सातचा सेव्हन्थ कॉर्ड (कोमल नी मिसळलेला) घ्या. त्या कॉर्डमध्ये काळी दोन आहेच. म्हणजे अल्टोने (बायकांमधला खालचा आवाज) आपला जुना सा धरून ठेवायचा, सोडायचा नाही. खाली कॉर्ड बदलला की तोच सूर नी होतो आणि पुढच्या समेला अर्धा स्वर वर सरकून नव्या सा वर बसतो. डग्गा दादांनी जो नी तबल्यात खुपतो म्हणून सांगितलं तोच नी इथे गळ्यात कामाला येतो. एक आख्खा बार हा कॉर्ड द्या. मागच्या बाकावरच्या आजीलाही नवी पट्टी सापडते.

आता ज्या क्वायरच्या तुकड्याबद्दल लिहिलंय त्याबद्दल. माझा विरोध आहे. झांज, वारा, ऑर्गनचा सूर, हे सगळं एआयने बनवलेलं मला चालतं. पण 'हालेलुया' म्हणणारे आवाज, जे कुणीच म्हटलेले नाहीत, ते उपासनेच्या गीतात नकोत. स्तुती कुणीतरी करावी लागते. मी हे हट्टाने म्हणतेय आणि म्हणत राहीन.

साउंडवाला_उदगीर

ताई, कीबोर्डमधला क्वायर पॅड आपण इतकी वर्षं वाजवतोच की. तेही आपल्या मंडळीतले लोक नाहीत.

अल्टो_संभाजीनगर

पॅडमागे बहुतेकदा खरे गायक असतात. ते कुठल्यातरी खोलीत उभे राहून गायलेत, त्यांना माहीत होतं आपला आवाज कशासाठी जातोय. आणि पॅड 'आ' म्हणतो, शब्द म्हणत नाही. गाणं पूर्ण बनवून देणाऱ्या सुनो आणि उडिओ या दोन कंपन्यांवर जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी खटले भरले. मुद्दा हाच होता की आमची रेकॉर्डिंग न विचारता शिकवायला वापरली. स्टेबल ऑडिओ ओपन फ्रीसाउंड आणि फ्री म्युझिक आर्काइव्ह या साइटवरच्या मोकळ्या परवान्याच्या आवाजांवर शिकलंय. चर्चच्या कामासाठी निवड करताना हा फरक मी तरी बघते.

आणि गरज काय आहे? तरुण संघात पोरं-पोरी आहेत. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना गोल उभं करा, पंखे बंद करा, मधे एक माइक ठेवा आणि नुसता 'आ' घ्या. एकदा पांढरी सातच्या कॉर्डवर, एकदा पांढरी तीनवर. दोन-तीन वेळा जागा बदलून घेतलं की मोठा क्वायर तयार. मग त्यावर हवा तेवढा रिव्हर्ब टाका, उलटा करून रायझर बनवा. तो रायझर तुमच्या मंडळीचा.

साउंडवाला_उदगीर

उलटा 'आ' रायझर म्हणून! ताई, हे मी उद्याच करून बघणार. पटलं.

गुरुजी_अंबाजोगाई

मंडळी, चर्चा मनापासून वाचली. तंत्राचं मला फार कळत नाही, पेटी थोडीफार येते. पण दोन गीतांच्या मध्ये काय असावं हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, म्हणून लिहितो.

गॉस्पेल म्हणून जे आपण ऐकतो त्याची घडण १९३०च्या दशकात शिकागोच्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत झाली. थॉमस डॉर्सी हे मूळचे ब्लूज वाजवणारे पियानोवादक, त्यांनी तो ढंग उपासनेत आणला. विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन १९३५ साली बाजारात आला आणि पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चमध्ये शिरला. तिथे ऑर्गनवाला उपदेशकाच्या वाक्यामागे वाजत राहतो, वाक्य चढलं की चढतो, थांबलं की उत्तर देतो. गीत कधी सुरू झालं ते कळत नाही. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपताना बुवांचा आवाज चढतो आणि पेटी-तबला त्यांना गजरात घेऊन जातात, तिथेही नेमकं हेच घडतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं तेव्हा हे मधलं वाजवणंही सोबत आलं. तुमच्या जालन्याजवळच रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल गाव वसवलं. आपल्या भागातल्या मंडळ्या वारकऱ्यांच्या शेजारी राहूनच गायला शिकल्या. तेव्हा हा सांधा कसा वाजवायचा हे आपल्या हातांत आहेच, ते टूलकडून शिकण्याची गरज नाही.

माझी एकच विनंती आहे, ती तिसऱ्या सांध्याबद्दल. केरव्याचं भजन संपून संथ आराधना सुरू होते त्या जागी माणसं डोळे मिटतात. तिथे झांज, रायझर, काहीही भरू नका. भजनाच्या शेवटच्या अक्षराची आस विरू द्या, नुसता तानपुरा राहू द्या, आणि आराधनेचा पहिला शब्द कुणीतरी एकट्याने म्हणावा. रेकॉर्डिंगमध्ये शांतता ठेवायची भीती वाटते हे मला माहीत आहे. ठेवा.

कीबोर्ड_जालना

गुरुजी, तो खरं तर दुसरा सांधा, पण जागा अगदी बरोबर ओळखलीत. तिथे मी भला मोठा रायझर लावून ठेवला होता. आज काढतो.

साउंडवाले दादा, अजून एक अडचण. पहिल्या भजनाचं मंडळीतल्या एका आजोबांनी गायलेलं जुनं कॅसेटवरचं रेकॉर्डिंग आहे. ते आता नाहीत. त्यांचा आवाज वेगळा काढून मेडलेच्या सुरुवातीला घ्यायचाय, मग तोच आवाज विरत जाऊन आमची पेटी सुरू होईल असा सांधा. एआयने आवाज वेगळा होतो, पण पेटी त्याला चिकटून येते.

साउंडवाला_उदगीर

येणारच. डेमक्ससारखी आवाज वेगळे करणारी मॉडेल गाण्याची चार डब्यांत वाटणी करतात: गायन, ड्रम, बास आणि उरलेलं. या क्षेत्रात मॉडेल शिकवायला सगळ्यात जास्त वापरला जाणारा गाण्यांचा संच, म्युझडीबी१८, त्यात १५० गाणी आहेत आणि ती मुख्यत्वे पाश्चात्त्य पॉप-रॉक. पेटी कुठल्या डब्यात टाकायची हे त्यातून कोण शिकणार? वर आपली पेटी गाणाऱ्याच्या प्रत्येक सुरामागे तोच सूर धरून चालते, म्हणून ती आवाजाच्या डब्यात शिरते. डग्ग्याची मींड बासमध्ये जाते, 'ना' अर्धा ड्रममध्ये आणि त्याची आस उरलेल्यात.

तुमच्या कामाला मात्र पूर्ण स्वच्छ आवाज लागतच नाही. आजोबांच्या आवाजामागे त्यांची पेटी राहू द्या. शेवटच्या ओळीला त्या पेटीचा सूर संपतो तिथेच तुमची आजची पेटी त्याच सुरावर सुरू करा. कॅसेट थोडी जोरात-हळू चालते, म्हणून पट्टी आधी मोजा आणि कॅसेटचं रेकॉर्डिंग पांढरी दोनला आणून बसवा. शेवटच्या अक्षरावर एक डिले टाका, एका मात्रेचा, म्हणजे ३३३ मिलिसेकंद. प्रतिध्वनी दादऱ्याच्या मात्रेवर पडत जाईल आणि तबला त्यातूनच ठेका उचलेल. कॅसेटची खरखरही एकदम तोडू नका, ४ सेकंदांत हळूहळू कमी करा. नाहीतर खरखर थांबली तेच जास्त ऐकू येतं.

ऑर्गनचंही सांगून ठेवतो. शेवटच्या गाण्याला एआयचा ऑर्गन नको. तुमच्या कीबोर्डवर रोटरी ऑर्गनचा टोन असेलच, त्यात बहुतेक मॉड व्हीलने (कीबोर्डवरच्या चाकाने) फिरण्याचा वेग बदलतो. ताईंनी सांगितलेला पांढरी सातचा कॉर्ड धरा, व्हील खाली ठेवून, आणि समेच्या दोन मात्रा आधी व्हील वर ढकला. लेस्ली, म्हणजे ऑर्गनचा फिरणारा स्पीकर, वेग घ्यायला जरा वेळ घेतो, तो वेळच कान उभे करतो. हे हातानेच करायचं, प्रत्येक टेकला जरा वेगळं पडू द्या.

डग्गा_परभणी

आजोबांच्या घरच्यांना विचारलंत का?

कीबोर्ड_जालना

हो दादा, त्यांच्या मुलीनेच कॅसेट दिलीय. नाव यूट्यूबच्या माहितीत घालणार.

अल्टो_संभाजीनगर

यूट्यूबवर जाणार असेल तर हक्कांचं बघून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये खऱ्या धार्मिक समारंभात गीत सादर करायला सूट आहे, पण ती सादर करण्यापुरती. रेकॉर्ड करून चॅनलवर टाकणं वेगळं. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे टिळकांचे शब्द कधीच मोकळे झालेत, पण त्याला अलीकडे कुणी लावलेली चाल मोकळी नाही. आराधनेची दोन नवी गीतं ज्यांची आहेत त्यांना लेखी विचारा. आणि एआय टूलच्या फुकट प्लॅनच्या अटी वाचा, काही ठिकाणी त्यातला आवाज कमाई होणाऱ्या व्हिडिओत चालत नाही.

कीबोर्ड_जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय. सुरुवात आजोबांच्या आवाजाने. पहिल्या सांध्याला कोमल नी, तिहाई आणि खाली एकच झांज, ती एआयची, ४ सेकंदांत कापलेली. दुसऱ्याला तानपुरा आणि शांतता. दोन्ही आराधना गीतं एकाच पट्टीत, काळी दोनला घेतोय, त्यामुळे तिसऱ्या सांध्याला नुसता पियानो पुरे. आराधनेकडून गॉस्पेल गीतात जाताना पट्टी तीच, फक्त टाळ्या आधी सुरू होतील, मग ड्रम, आणि तरुण संघाचा उलटा 'आ'. आतला अर्धा स्वर पांढरी सातच्या कॉर्डवरून, ऑर्गन हाताने. बनवून आणलेला क्वायरचा तुकडा काढून टाकला. ज्या भावाने आणला होता त्यालाच 'आ' च्या रेकॉर्डिंगची जबाबदारी दिलीय, तो खूश आहे.

फक्त भजन पांढरी पाच आणि आराधना काळी दोन, हा तानपुऱ्याचा सांधा कसा जमेल? तानपुरा कोणत्या सुराचा ठेवू?

डग्गा_परभणी

भजनाच्या शेवटी पांढरी पाचचा तानपुरा वाजू द्या आणि त्यातला पंचम काढून टाका, नुसता सा ठेवा. पांढरी पाच काळी दोनमध्ये शुद्ध गंधार होतो. गुरुजी म्हणतात तसं एकट्याने पहिला शब्द म्हणायचाय ना, तर तो शब्द गंधारावरून उचलणारं गीत आधी घ्या. दोनपैकी कोणतं गंधारावरून सुरू होतं?

कीबोर्ड_जालना

दुसरं. क्रम बदलतो.

डग्गा_परभणी

मग जमलं. तबला तिथं वाजणार नाही, त्यामुळं माझी अडचण नाही. रेकॉर्डिंगचा दिवस कळवा, आदल्या संध्याकाळी येतो. तबला तिथल्या थंडीत एकदा बसवून घ्यावा लागंल.